चाक वळेना, दार उघडेना

एक होती तांबडी मुंगी. चिंचेखाली तिचं घर. एवढंसं बीळ, एवढंसं दार, आत बारा पिल्लं.

मुंगी गेली कामाला. मागून आला जुना टेम्पो. घर्र घर्र घर्र, खच्च. पुढचं चाक थांबलं तिरकं. थांबलं ते नेमकं मुंगीच्या दारात.

मुंगी परत आली. बघते तर दार बंद. आत पिल्लं रडतायत, चीं चीं चीं.

मुंगी म्हणाली, "चाकदादा, चाकदादा, जरा वळ. पिल्लं घरात कोंडली."

चाक आधीच फुगलेलं. ते आणखी फुगलं. "मी आपणहून वळत नाही. दांडी सरकली, तर वळेन."

मुंगी गेली तुरुतुरु. चाकाला धरून होती आडवी दांडी. गॅरेजवाले तिला टाय रॉड म्हणतात, म्हणून तिचं नाक वर.

"दांडीताई, दांडीताई, जरा सरक. चाक वळेना, पिल्लं घरात कोंडली."

"मी आपणहून सरकत नाही. पेटीने दात हलवले, तर सरकेन."

मुंगी गेली तुरुतुरु. वर होती लोखंडी पेटी. अंगभर तेलकट, पोटात दातेरी चक्रं, दातच दात.

"पेटीमावशी, पेटीमावशी, जरा दात हलव. दांडी सरकेना, चाक वळेना, पिल्लं घरात कोंडली."

"मी आपणहून दात हलवत नाही. स्टिअरिंग फिरलं, तर हलवेन."

मुंगी गेली तुरुतुरु. लांब दांड्यावरून वर, वर, वर. टोकाला बसलं होतं स्टिअरिंग. गोल गरगरीत, मखमल पांघरलेलं, जसा काही नवरदेव.

"स्टिअरिंगराव, स्टिअरिंगराव, जरा फिरा. पेटी दात हलवेना, दांडी सरकेना, चाक वळेना, पिल्लं घरात कोंडली."

"मी आपणहून फिरत नाही. भिवादादा उठला, तर फिरेन."

भिवादादा म्हणजे ड्रायव्हर. सीटवर आडवा. घुर्रर्र, फुस्स. घुर्रर्र, फुस्स.

"भिवादादा, भिवादादा, जरा ऊठ. स्टिअरिंग फिरेना, पेटी दात हलवेना, दांडी सरकेना, चाक वळेना, पिल्लं घरात कोंडली."

भिवादादाने एकच डोळा उघडला. "उभ्या गाडीचं स्टिअरिंग लई जड असतं बाई. माझे हात दुखतात. आणि मला झोपेतून उठवणारा अजून जन्माला यायचाय."

डोळा मिटला. घुर्रर्र, फुस्स.

"असं का," मुंगी म्हणाली.

ती शिरली पायजम्यात. तुरुतुरु, तुरुतुरु. चांगली मऊ जागा बघितली. आणि चावली कडकडून.

"आई आई गं!"

भिवादादा उडाला टुणकन. सापडेल ते धरलं. सापडलं स्टिअरिंग. त्यालाच लोंबकळला.

स्टिअरिंग फिरलं, गर्रर्र.
पेटीने दात हलवले, कटकट कटकट.
दांडी सरकली, सर्रर्र.
चाक वळलं, कर्रर्र.
दार उघडलं.

पिल्लं धावली आईकडे. आईच्या गळ्यात, आईच्या पाठीवर, आईच्या डोक्यावर.

मग चाक म्हणालं, "बघितलंस, मी दार उघडलं." दांडी म्हणाली, "मी उघडलं." पेटी म्हणाली, "मी." स्टिअरिंग म्हणालं, "मी." भिवादादा मांडी चोळत म्हणाला, "मी होतो म्हणून हो."

मुंगी म्हणाली, "हो बाबांनो, तुम्हीच सगळे मोठे. आता जरा हळू बोला. माझी पिल्लं झोपतायत."