गुहेबाहेरचे सात जोड

खूप खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येणार नाही. लहानांनी ती जरा पुढे सरकून ऐकावी आणि मोठ्यांनी आपल्या पायांकडे बघत ऐकावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

त्या राज्यात एक गुप्त पंथ होता. डोंगरावरच्या गुहेत त्याची बैठक भरे. येणारा प्रत्येक जण डोक्यावरून जाड चादर पांघरून यायचा, नुसते डोळे उघडे. आत बोलायचं नाही, नाव विचारायचं नाही. कुणीतरी चिठ्ठी लिहून मध्ये ठेवायची आणि बाकीच्यांनी हात वर करायचे, झाला ठराव. शेजारी कोण बसलंय हे पंथातल्या माणसालाही कळत नसे.

ठराव दुसऱ्या दिवशी देवीच्या देवळाच्या दारावर लागायचा. मग दरबारात प्रधान हात जोडून म्हणायचा, की पंथाची आज्ञा ती देवीचीच आज्ञा. राजपुरोहित मान डोलवायचा, सेनापती मिशीला पीळ द्यायचा आणि राजा शिक्का उमटवायचा. राज्य कोण चालवतं असं कुणी विचारलं असतं तर लोकांनी नुसतं डोंगराकडे बोट दाखवलं असतं.

तीन वर्षांपूर्वी दारावर ठराव लागला होता, की चामडं अपवित्र आहे, शुद्ध माणसाने लाकडी खडावाच घालाव्यात. तेव्हापासून दरबारातली सगळी थोर मंडळी खडावा घालून खटखट करत फिरत. पुरोहित तर चौकात उभा राहून, वहाणा घालणाऱ्याचं पुण्य कसं टाचेतून गळून जातं, ते रंगवून सांगायचा. शेतात जाणारी माणसं ऐकून घ्यायची आणि वळणावर गेल्यावर कमरेची वहाण काढून पायात सरकवायची.

आणि एके दिवशी नवा ठराव लागला. नगरात वहाणा शिवणारा जो एकमेव म्हातारा आहे, त्याने पौर्णिमेच्या आत बिऱ्हाडासकट राज्याबाहेर जावं.

म्हाताऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली. त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचे दिवस भरले होते. राज्याची हद्द दोन दिवसांच्या वाटेवर, आणि सगळी वाट जंगलाची. पौर्णिमेला उरले होते फक्त तीन दिवस.

आता एक गंमत सांगतो. या तीन वर्षांत म्हाताऱ्याकडे सात नोकर येऊन गेले होते. सात वेगवेगळ्या घरचे, सात वेगवेगळ्या दिवशी. प्रत्येकाने कमरेला खोचलेला दोरा काढून पायाचं माप दाखवलं होतं आणि बजावलं होतं, की मालकांचं नाव कुठे निघता कामा नये. म्हातारा शब्दाचा पक्का. त्याने मुकाट्याने सात जोड शिवून दिले आणि बायकोलाही काही सांगितलं नाही. आताही, घर सुटायची वेळ आली तरी, त्याने तोंड उघडलं नाही.

त्याला वाटलं, आपण थेट पंथालाच विनवणी करावी. ती देवमाणसं, त्यांना पोरीची दया येईल. भर दुपारी तो डोंगर चढू लागला. वाटेवर बाभळीच्या काट्यांचा नुसता सडा पडला होता.

गुहेपाशी पोचला आणि जागच्या जागी थबकला. दाराबाहेर ओळीने वहाणा ठेवलेल्या होत्या! त्या काट्यांतून खडावा घालून कोण चढणार? आणि पवित्र जागेत वहाणा घालून कोण शिरणार? तोंड झाकायची एवढी काळजी घेणारे लोक, पण वहाणा मात्र रीतीप्रमाणे बाहेर काढून गेले होते.

म्हातारा खाली बसला. टाचेला गादी लावलेला हा जोड प्रधानाचा. हा लाल गोंड्याचा, पुरोहिताचा. करकर वाजू नये म्हणून तीन वेळा तेल पाजलेला हा सेनापतीचा. हे तीन दरबारातल्या तिघा मानकऱ्यांचे. एक, दोन, तीन करत तो सातव्या जोडापाशी आला आणि त्याच्या हातातून ती वहाण गळूनच पडली. तो जोड राजवाड्यातून मागवलेला होता. खुद्द राजाचा.

मग त्याला सगळं उमगलं. बाहेरची ओळ यांच्यातल्या प्रत्येकाला दिसत होती, पण कुठला जोड कुणाचा हे एकमेकांना ठाऊक नव्हतं. आपलं गुपित एकट्या या म्हाताऱ्याला ठाऊक आहे, याचीच प्रत्येकाला धास्ती होती. म्हणून त्याला हाकलायची चिठ्ठी पुढे येताच सगळे हात एकदम वर गेले होते.

म्हाताऱ्याने सातही जोड उपरण्यात बांधले आणि तो धूम घरी पळत सुटला. इतकं तो तरुणपणीही कधी पळाला नव्हता. बायकोपुढे गाठोडं सोडलं, तिला सगळं सांगितलं आणि मग तोच घाबरला. ही तर चोरी झाली, म्हणाला, आता करायचं काय?

म्हातारी शांतपणे म्हणाली, “परत द्यायच्या. ज्याच्या त्याला. आन् चारचौघांत.”

म्हाताऱ्याने चौकात देवीच्या पायरीवर सात जोड ओळीने मांडले आणि दवंडी पिटली, की वहाणा सापडल्या आहेत, ज्याच्या असतील त्याने ओळखून न्याव्यात. अर्ध्या घटकेत चौक माणसांनी फुलून गेला. बायका ओसरीवर चढल्या, पोरं झाडावर चढली. इतक्यात दरबारची मंडळी खडावा घालून आली, आणि काय नवल, सगळीच्या सगळी लंगडत आली! राजासुद्धा.

प्रधान लालबुंद झाला. ही घाण जाळून टाका आणि या म्हाताऱ्याला आत्ताच्या आत्ता हद्दपार करा, असा हुकूम त्याने सोडला. शिपाई पुढे झाले. म्हाताऱ्याची लेक पोटाशी हात धरून भिंतीला टेकली.

म्हाताऱ्याने हात जोडले. “जाळा, मालक. पण आधी एकेकानं देवीच्या पायरीला हात लावून म्हणावं, यातली एकही माझी नाही. मग मी मुकाट चालू लागतो.”

लोकांनी एकच गलका केला, हे रास्त आहे म्हणून. मग काय करणार? पुरोहित पुढे आला, पायरीला हात लावून म्हणाला, माझी नाही. त्याच्या खडावेवर रक्ताचा थेंब होता, पण आवाज काही कापला नाही. प्रधान म्हणाला, माझी नाही. सेनापती म्हणाला, माझी नाही. तिघे मानकरी खाली मान घालून तेच म्हणाले. आता राहिला राजा.

राजा पायरीपाशी आला. त्याने पायरीकडे बघितलं, मग भिंतीला टेकलेल्या त्या लेकीकडे बघितलं. मग त्याने खडावा काढल्या आणि सातव्या जोडात पाय घातले.

“हा माझा आहे,” राजा म्हणाला. “हिला जंगलात पाठवायला मीही हात वर केला होता. मला लाज वाटते.”

त्यासरशी असा काही आरडाओरडा झाला, की देवळावरची कबुतरं उडून गेली. राजाने साऱ्यांना तळपाय दाखवायला लावले. अनवाणी डोंगर उतरल्यामुळे सहाही जणांच्या तळव्यांत बाभळीचे काटे रुतलेले होते. देवीच्या पायरीवर खोटं बोलणाऱ्या त्या सहा जणांना त्याच दिवशी राज्याबाहेर जावं लागलं, म्हाताऱ्यासाठी ठरवलेल्या वाटेनेच. ठराव फाडला गेला. गुहेतली बैठक मोडली, आणि पुढे जो काही कारभार झाला तो चौकात, उघड्या तोंडाने झाला.

राजाने म्हाताऱ्याला विचारलं, “मला काय शिक्षा द्यायची?”

म्हातारा म्हणाला, “ते मागनं बघू, महाराज. पायात काटा हाय, आधी त्यो काढू द्या.”

आणि ज्याला अपवित्र ठरवलं होतं त्या म्हाताऱ्याच्या मांडीवर राजाने सगळ्या नगरासमोर पाय ठेवला. त्या वेळी मात्र राजाचे डोळे भरून आले. तिसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. म्हाताऱ्याची लेक आपल्या माहेरच्या घरातच बाळंत झाली.

बोध: जो नियम आपल्याला लपूनछपून मोडावा लागतो, तो धर्माच्या नावाने दुसऱ्याच्या माथी मारू नये.