कासाराचं माप आणि चौथा गाळा

बाजारपेठेच्या एका गावात एक कासार आणि त्याची बायको राहत होती. कासार स्वभावाने साखर, पण आपल्या मापाचा त्याला भारी गर्व. बाईचा हात नुसता दाबून तो बांगडीचं माप सांगायचा आणि ते कधी चुकायचं नाही.

बांगड्यांचं ओझं घेऊन गावोगाव हिंडता हिंडता दोघांचे गुडघे कुरकुरू लागले. तेव्हा त्यांनी ठरवलं, जन्मभराची पुंजी घालून पेठेत जागा घ्यायची आणि चार गाळे बांधायचे. एकात आपण बसायचं, तीन भाड्याने द्यायचे. म्हातारपणाला तेवढाच आधार.

दलालाने चांगली जागा शोधून दिली. व्यवहार झाल्यावर तो म्हणाला, "दादा, आता मोजणीदाराला बोलवा. हद्द कळू द्या."

कासार हसला. "अरे, हजारो हातांची मापं या डोळ्यांनी घेतली. एवढीशी जागा मापायला परका माणूस कशाला?"

पाया खणायला आलेला गवंडीही चाचरत म्हणाला, "मालक, हद्दीचा दगड दिसल्याबिगर पाया घेऊ नये."

"तू दगड रच. माप माझ्यावर सोड," कासार म्हणाला. आपल्या कामात हुशार असलेल्या माणसाला दुनियेतलं सगळंच येतं असं वाटू लागतं, त्यातलीच ही गत.

चारही गाळ्यांच्या भिंती कमरेइतक्या आल्या आणि शेजारचा हलवाई धावत आला. "दादा, तुमचा चौथा गाळा माझ्या जागेत आलाय!"

पंचांनी मोजणीदाराला बोलावलं. त्याने मोजणीची साखळी लावली, एका ठिकाणी खणलं, आणि मातीतून हद्दीचा जुना दगड वर आला. तो बरोबर तिसऱ्या गाळ्याच्या भिंतीला लागून होता. चौथा गाळा पाडावा लागणार होता, आणि नवा बांधायला हातात काही उरलं नव्हतं.

कासार तिथेच मातीत बसला. त्याचे डोळे भरून आले. बायको शेजारी टेकली आणि हळूच म्हणाली, "अहो, बायका तुमच्याकडे बांगड्या भरायला का येतात? घरी स्वतःच्या हाताने का भरत नाहीत?"

"फुटतात गं. हात सोलवटतो. ते आमचंच काम."

"मग ज्याचं त्याचं काम असतंच की."

कासाराने उठून मोजणीदाराला हात जोडले. गवंड्याला म्हणाला, "आता तू सांगशील तसं." गवंड्याने चौथ्या गाळ्याचा दगडन्‌दगड सोडवून त्याच दगडांनी उरलेल्या तिन्ही गाळ्यांच्या भिंती चढवल्या. दलालाने दोन चांगले भाडेकरू आणले. चौथा गाळा गेला तो गेलाच, पण दोघांची पायपीट संपली.

पुढे एकदा दुकानात एक नवी नवरी स्वतःच हातात बांगडी सारू लागली. ती कचकन फुटली. "थांब गं पोरी, ते माझं काम," म्हणत कासाराने तिचा हात मायेने हातात घेतला. मग त्याची नजर दाराबाहेर गेली. हद्दीचा तो जुना दगड सगळ्यांना दिसावा म्हणून त्याने स्वतः चुन्याने रंगवला होता.

तात्पर्य: जागा एकाची असली, तरी ती शोधणारा, मापणारा आणि बांधणारा वेगवेगळा असतो; ज्याचं काम त्याला मानाने करू द्यावं.