हैबतीचा भुताचा खेळ

घाटाखालच्या एका गावात दोन भाऊ राहत होते. धाकटा हैबती हसवणूक करणारे खेळ रचायचा आणि त्यात सोंगाड्या व्हायचा. थोरला तुळाजी ढोलकी वाजवायचा.

त्यांच्या खेळाची सुरुवात ठरलेली असे. पडद्यामागून हैबती ओरडे, "दादा, येऊ का?" तुळाजी ढोलकीवर थाप मारून म्हणे, "नको! घरी जा!" तरीही हैबती धडपडत बाहेर येई. लोक तिथूनच हसायला लागत.

एकदा तुळाजी तापाने आजारी पडला. हैबती वैद्याकडून औषध घेऊन परतला. दादाला जरा हसू यावं म्हणून त्याने दारातूनच हाक मारली, "दादा, येऊ का?"

आतून उत्तर आलं नाही.

त्या दिवसापासून हैबतीला काही सुचेना. तो जेवताना दोन ताटं घ्यायचा आणि मग एक परत ठेवायचा. लोक म्हणत, "जत्रा आली. खेळ कर, तुलाही बरं वाटेल." त्याला राग यायचा. ह्यांना हसू येतं तरी कसं? त्या दारात उभं राहून मला काय वाटलं, ते ह्यांना कधी कळणार?

तो चावडीसमोर जाऊन ओरडला, "यंदा भुताचा खेळ! सगळ्यांना घाम फोडतो की नाही बघा!"

त्याने बोकडाची शिंगं आणली, घोड्याच्या शेपटीचे केस आणले, तोंडाला काजळी फासली. ढोलकी मात्र खुंटीवरच राहू दिली. तिला कोणी हात लावलेला त्याला चालत नव्हता.

जत्रेच्या दिवशी उन्हं उतरल्यावर गाव जमलं. पडद्याखाली हैबतीचे पाय दिसताच लोक सवयीने हसले. तो किंचाळला, लोक आणखी हसले. त्याचं एक शिंग गळून पडलं, तेव्हा हसून हसून बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले. मग हळूहळू हसू आटलं. भीती काही आली नाही. लोक जांभया देऊ लागले.

पुढे बसलेला कोंडिबा कासार म्हणाला, "हैबती, तुझ्या भुतापेक्षा आमची सासू बरी! आम्ही हसायचं की भ्यायचं, तेवढं तरी सांग की."

"मलाच कळत नाही, कोंडिबा," हैबती म्हणाला. त्याला रडू येत होतं आणि तोंडावर काजळी होती. "मला फार भीती वाटली होती. ती ह्यात कुठे गेली, कळत नाही."

लोक चपला शोधू लागले. हैबती पडद्यामागे गेला. त्याने घोड्याचे केस ओरबाडून काढले आणि तोंड पुसलं. आता लोकांसमोर जायचं कसं, हेच त्याला समजेना. गोंधळून तो उभा राहिला आणि जुन्या सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "दादा, येऊ का?"

उठलेले लोक थबकले. सगळ्यांचे कान थापेकडे लागले. गावाने वर्षानुवर्षं ऐकलेलं ते उत्तर आता येईल, मग येईल, असं प्रत्येकाला वाटलं.

ढोलकी खुंटीवर होती.

कोणी हसलं नाही. कोंडिबाच्या अंगावर काटा आला. त्याने चाचपडत शेजारी बसलेल्या आपल्या भावाचा हात धरला. उभे होते ते खाली बसले.

पडदा हलत नव्हता. हैबती तिथेच खोळंबला होता.

 शेवटी कोंडिबा म्हणाला, "ये रे बाबा. ये बाहेर."

हैबती बाहेर आला. त्या दिवशी पहिल्यांदाच तो धडपडला नाही.

तात्पर्य: जे आपल्या काळजाला लागलं, तेच दुसऱ्याच्या काळजापर्यंत पोहोचतं, उसनी शिंगं लावून ते सांगता येत नाही.