कडू पाणी

“मग ते कडू पाणी तुम्ही देणार की नाही, बाबा?”

हनोखबाबा नागावच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, वस्तीचे काजी. वस्तीचे तंटे त्यांच्यापुढेच यायचे. समोर बसलेला शिमोनजी चौदा महिने एडनला राहून परवाच परतला होता.

“काय ऐकलंस?” बाबांनी विचारलं.

“मी नसताना आमच्याकडे एक सुतार यायचा. रहाट दुरुस्त करायला, बायको म्हणते. एका रहाटाला तीन दिवस?”

“तुझा रहाट मी पाहिलाय. तीन दिवसांत झाला, हेच नवल.”

शिमोनजी हसला नाही. त्याला तोराह या धर्मग्रंथातला तो अध्याय तोंडपाठ होता. नवऱ्याला संशय आला, साक्षीदार नसला, तर बायकोला याजकापुढे उभं करावं. तिनं कडू पाणी प्यावं. दोषी असली तर अंग सुजेल. नसली तर ती मोकळी. न्याय देवाचा.

“आता याजक नाही, यरुशलेमचं मंदिर नाही,” बाबा म्हणाले. “कित्येक शतकांत ते पाणी कोणी दिलं नाही.”

“मग उद्या तिला माहेरी पोचवतो. कायमची.”

बाबांनी दाराकडे पाहिलं. बाहेर उन्हात, पायरीवर मिलकाबाई बसली होती. सकाळी नवऱ्यानं आणून बसवली, तशीच. रडत नव्हती. पदर डोक्यावर, नजर समोर.

“बरं,” बाबा म्हणाले. “करू या.”

शिमोनजीला हे अपेक्षित नव्हतं.

बाबा वाडगा शोधायला आत गेले. त्यांची बायको मागच्या वर्षी वारली होती. घरातल्या वस्तू त्यांना अजून सापडत नसत. बऱ्याच वेळानं मातीचा वाडगा भरून घेऊन आले, सोबत कागद, शाई, बोरू.

“याजक शाप लिहितो. तुझं अक्षर वस्तीत सगळ्यांत चांगलं. तू लिही.”

शिमोनजी ताठ बसून लिहू लागला. एकेक हिब्रू अक्षर मोत्यासारखं. कुठे अडला नाही, कुठे खोडलं नाही. शाप लिहिला, शापातलं देवाचं नाव लिहिलं, शाई वाळू दिली.

“सुरेख,” बाबा म्हणाले. ते खरंच त्या अक्षरांकडे कौतुकानं बघत होते. “आता पुढचं वचन म्हण.”

“याजकानं हे शाप लिहावेत आणि कडू पाण्यात…”

तो थांबला.

“म्हण ना.”

“…धुऊन पुसावेत.”

“हं. धू.”

शिमोनजीनं कागद वाडग्यावर धरला. हात खाली जाईना. देवाचं नाव असलेला फाटका कागदही ही माणसं टाकत नाहीत, माणसासारखा पुरतात. एकदा सख्ख्या भावानं तसल्या पानात सुके बोंबील बांधले, तर शिमोनजी वर्षभर त्याच्याशी बोलला नव्हता.

“यात नाव आहे, बाबा.”

“आहे.”

“ते पुसायचं?”

“त्यानंच सांगितलंय. एका बाईवरचा संशय जावा म्हणून माझं नाव पुसा, म्हणाला.”

हा अध्याय त्यानं शंभरदा म्हटला होता. पाणी कशानं कडू होतं, हे एकदाही मनात आलं नव्हतं…

“मला नाही पुसवत.”

“त्याला पुसवलं.”

बाहेर नारळाची एक झावळी खाली पडली, तरी मिलकाबाईनं मान वळवली नाही.

शिमोनजीनं कागद हळूच बाजूला ठेवला. बाबांनी तो उचलला, डोळ्यांना लावला आणि पुरायच्या कागदांत ठेवून दिला.

“मी आता काय करू, बाबा? वस्ती विचारेल, काजींनी काय न्याय दिला. काय सांगू?”

बाबांनी वाडगा उचलून त्याच्या दोन्ही हातांत दिला. पाणी नितळ होतं.

“नंतर बघू. ती सकाळपासून उन्हात आहे, आधी तिला पाणी दे.”