शमुवेलच्या अँपचं साल

“मग भोकं दोन-दोन का आहेत, चाचा?”

मनूनं गिटारच्या अँपचं लाकडी खोकं आडवं करून दिलावरचाचांच्या पुढ्यात ठेवलं. आतली लोखंडी चासी, सगळे पार्ट बसवलेला सांगाडा, त्यानं सकाळीच काढली होती. चासीच्या स्क्रूची भोकं एकीकडं, आणि शेजारीच दुसरी, जुनी. बांबूची काडी आणि सरस भरून बुजवलेली.

मिरजेत अँपची भोकं अशी बुजवणारा एकच माणूस होता.

“तूच सांग,” चाचा चष्मा पुसत म्हणाले. “साल सांगणारा तू.”

टोमणा बरोबर बसला. डिप्लोमा अर्ध्यात सोडून मनू चाचांच्या दुकानात येऊन बसला होता. विलायती अँप दुरुस्त करायला चाचांनी शिकवलं. पण मागच्या पट्टीवरचा नंबर वाचून साल सांगायचं, हे त्याचं तो शिकला. पहिलं अक्षर दिसलं की साल तोंडावर. सांगली-कोल्हापूरची माणसं अँप घेऊन यायला लागली. कॉलेजात ज्याला कुणी काही विचारलं नाही, त्याला आता लोक विचारत होते. डोक्यात हवा जायला तेवढं पुरतं.

हा अँप त्याच्या पप्पांचा. शमुवेल आवळे, ऑर्केस्ट्रातले गिटारवाले. बहात्तरच्या दुष्काळात मदतीसाठी जो कार्यक्रम झाला, त्यात आपण याच अँपवर वाजवलं, असं ते सांगायचे. चर्चच्या हॉलमध्ये सत्कार झाला, तेव्हा माईकवरही तेच सांगितलं.

मनूनं तिथंच, सगळ्यांसमोर, अँप फिरवून पट्टी दाखवली. “पप्पा, हा अठ्ठ्याहत्तरचा आहे. थापा मारू नका.”

हॉल हसला. पप्पाही हसले. घरी येऊन त्यांनी गिटार कपाटावर ठेवली, ती परत काढली नाही.

गेल्या नाताळाआधी ते गेले.

“चासी बदललीय,” मनू म्हणाला.

“जळाली होती. इचलकरंजीत, भर कार्यक्रमात. दुसऱ्या एका अँपची काढून मीच बसवली.”

“पट्टी चासीवर असते.”

“हां.”

“म्हणजे खोकं जुनं. स्पीकर जुना. पप्पा खरं बोलत होते.”

“हां.”

“आणि तुम्ही हॉलमध्ये होता. पहिल्या रांगेत. हार तुम्हीच घातला त्यांना.”

चाचांचा चष्मा पुसून कधीच झाला होता. तरी ते पुसत होते.

“बोलला का नाहीत?”

“उठलो होतो. शमुवेलनं मान हलवली. नको म्हणाला.”

“का?”

“बाहेर आल्यावर बोलला. पोरगं पहिल्यांदा चारचौघांत ताठ उभं राहिलंय. राहू दे.”

मनूला सुचलं ते सगळं कडूच निघालं.

“आणि तुम्ही राहू दिलंत. मी रोज इथं तुमच्यासमोर बसत होतो. पप्पा तिकडं घरी भिंतीकडं बघत बसलेत, हे तुम्हाला ठाऊक होतं. दफनाला माती टाकलीत, तेव्हाही तोंड उघडलं नाही. तुम्हा म्हाताऱ्यांना गप्प बसण्यात मोठेपणा वाटतो, चाचा. निस्तरायचं आम्ही.”

“वाटायचा खरा,” चाचा म्हणाले.

एवढंच. माफी नाही, खुलासा नाही.

मनूनं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पट्टीच्या कडेखाली घुसवला. पत्रा वाकला. चाचांनी हात धरला नाही.

“उपटायची तर उपट,” ते म्हणाले. “आधी चासी बसव.”

मनूनं ती बसवली, दात-ओठ खात. तारा जोडल्या. प्लग लावला. व्हॉल्व्हच्या काचनळ्या तापायला वेळ घेतात... दोघं काचेतला तांबूस उजेड चढताना बघत राहिले. मग स्पीकरमधून बारीक घरघर सुरू झाली.

चाचांनी आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. टेबलावरचे स्क्रू थरथरले.

“ऐक.”

“काय ऐकू? नुसती घरघर आहे. कुणी वाजवतच नाहीये.”

“हां...” चाचा म्हणाले. “आता या आवाजाचं साल सांग, पट्टी न बघता.”