टेंबेसरांची पसंती

सांगलीची हिमानी शिंगाडे संगणकावर हलगीचे ठोके कापून-जोडून धुना बनवायची. पुण्यातल्या एका तळघरात चाळीस दर्दी त्या डोळे मिटून ऐकायचे. त्यातलीच एक धून वरातींत शिरली आणि गावोगाव गाजली. झालं! संगीत महोत्सवाचे निवडप्रमुख टेंबेसर बिथरले.

"वरातीत वाजतं ते संगीत नव्हे," त्यांनी भर बैठकीत सुनावलं. "काहीतरी अस्सल ऐकव, नाहीतर महोत्सवाच्या यादीतून तुझं नाव गेलंच समज."

हिमानीने एक संथ, घुमणारी धून लावली. टेंबेसरांनी डोळे मिटले. "वा! हे खरं संगीत. हे कळायला जन्म घालवावा लागतो. वरातीतल्या लोकांना झेपायचं नाही!"

"बघू या," म्हणत हिमानीने वेगाचं बटण हळूहळू पुढे फिरवलं. धून धावू लागली, तसे चहा घेऊन आलेले गणूकाका ट्रे टेबलावर ठेवून चक्क नाचायला लागले. ती वरातीचीच धून होती!

टेंबेसर लालबुंद झाले. "मग मघाशी मला कशी ओळखू आली नाही?"

"सर, तुमच्यासाठी मी ती जरा सावकाश वाजवली होती," हिमानी नम्रपणे म्हणाली. "वरातीतल्या लोकांसाठी तेवढंही करावं लागत नाही."