श्यामा नसेल तर

त्या राज्यात दूर पाठवलेले शब्द वाऱ्यावर जात, पण मुके जात. ज्या घरी ते पोहोचत, त्या घराच्या खिडकीत बसणारा पक्षी त्यांना आपला आवाज देई. पाठवणाऱ्याने शब्दांसोबत पक्ष्याचे नाव घालायचे, अशी रीत होती. त्या नावाचा पक्षी तिथे नसला, तर शब्द खिडकीच्या कट्ट्यावर गळून पडत आणि त्यांच्या रिकाम्या चौकटी होत.

नदीकाठच्या दाट झाडीत भुरी नावाची खार राहत असे. तिची लेक सावी दूरच्या उघड्याबोडक्या कड्यावर राहायला निघाली, तेव्हा भुरी रागाच्या भरात नको ते बोलून बसली होती. "जा, पण पुन्हा तोंड दाखवू नकोस," म्हणाली होती. बोलताना जीभ कचरली नाही. नंतर मात्र घास उतरेना. आता सावी तो कडाही सोडून पलीकडच्या खोऱ्यात जाणार, असे तिच्या कानावर आले. त्या खोऱ्यात वारा पोहोचत नसे. लेकीला परत बोलवायचे, तर ती निघण्याआधीच.

भुरीने आपल्या खिडकीत बसणाऱ्या श्यामा पक्षिणीला गाठले. श्यामेसारखा गोड गळा त्या झाडीत दुसरा नव्हता, आणि ते श्यामेला पक्के ठाऊक होते. "माझ्या तोंडून गेलं ना, की दगडालाही पाझर फुटतो," ती म्हणाली. मग भुरीने त्या गळ्याला शोभतील असे शब्द जुळवले. त्यात चांदणे आले, झुळझुळ पाणी आले, मायेचा सागर आला. रीतीप्रमाणे ते आधी स्वतःच्याच खिडकीत म्हणवून पाहिले. शेजारपाजारच्या खारींनी डोळे पुसले. आपल्या खिडकीत जे इतके सुरेख वाजले ते सगळीकडे तसेच वाजणार, याबद्दल त्या झाडीत कुणाला कधी शंका येत नसे. भुरीने श्यामेचे नाव घालून शब्द वाऱ्यावर सोडले आणि ती वाट पाहू लागली.

उत्तर आले नाही. आली ती घोरपड, कड्यावरून उतरून, धापा टाकत.

"भुरे, लेकीला काय पाठवलंस गं?" तिने विचारले.

"काळीज पाठवलं, मावशी."

"तिच्या कट्ट्यावर तर नुसत्या चौकटी पडल्या होत्या. झाडून टाकल्या तिने. म्हणाली, आईकडे बोलण्यासारखं काही उरलं नाही, रिकामं तेवढं धाडते."

भुरीने विचारले, "तिच्या खिडकीत असतं तरी कोण?"

"श्यामा कुठली तिथे! कधी साळुंकी येते. नाहीतर कावळा. कावळा काय, सगळीकडेच असतो."

झाडीत कावळ्याच्या तोंडी फक्त सूचना देत: पूर आला, फांदी धोक्याची आहे, इकडे फिरकू नये. मायेचे शब्द त्याच्याकडे सोपवणे म्हणजे लाजच होती. तरीही भुरीने त्याला बोलावले आणि तेच शब्द म्हणायला सांगितले. त्याच्या खरखरीत घशातून चांदणे आणि मायेचा सागर निघाला तेव्हा शेजारणी खो खो हसल्या. कावळाही ओशाळला. "मला हे नाही जमत, ताई," तो म्हणाला. "साधं असेल तर सांगा."

भुरी हसली नाही. तिने चांदणे काढले, पाणी काढले, सागर काढला. काढता काढता जे उरले ते इतके थोडे होते की तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि रडूही आले. एवढेच तर म्हणायचे होते. मग तिने तोवर कुणी केले नव्हते ते केले. शब्दांसोबत एकाच पक्ष्याचे नाव न घालता तिने सांगून ठेवले: श्यामा असेल तर श्यामेने बोलावे, श्यामा नसेल तर साळुंकीने, तीही नसेल तर कावळ्याने, पण कुणीतरी बोलावेच. आपल्यामागे कावळ्याचे नाव आलेले पाहून श्यामा फुरंगटून बसली. भुरीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि वाऱ्याकडे तोंड केले.

कड्यावर सावीने गाठोडे बांधून खांद्यावर घेतले होते. साळुंकी त्या दिवशी चरायला गेली होती. खिडकीत कावळा तेवढा होता, पिसे विस्कटलेला. वारा आला, तसा तो जरा खाकरला आणि बोलू लागला.

"सावी, माझं चुकलं गं. मला करमत नाही. घरी ये."

गाठोडे सावीच्या खांद्यावरून घसरले. ती धावत खिडकीशी आली. कावळ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही, त्याच्या पलीकडे, वारा येत होता त्या दिशेला बघत ती म्हणाली, "आई, थांब, रडू नकोस. आलेच मी."

कावळ्याने चोच मिटली आणि तो कट्ट्यावर थोडा बाजूला सरकला.